वास्तुशांतीला एअर फ्रायर द्यावा का?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार,

पुढच्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाची पुण्यात वास्तुशांती आहे. तो आणि भावजय दोघंही नोकरी करतात, घरात दोघंच. सहा हजारांपर्यंत स्वयंपाकघरातलं काहीतरी द्यावं असं माझ्या मनात आहे. आमचे यजमान म्हणतात, एअर फ्रायर दे. मावशी म्हणते, कुकर दे, कुकर कधी वाया जात नाही. मला मात्र धीर होत नाही. दोन दिवाळ्यांपूर्वी आम्ही भावंडांनी मिळून आईला फूड प्रोसेसर घेतला होता. आठवडाभर तिने आल्यागेल्याला कौतुकाने दाखवला, मग तो माळ्यावर गेला तो गेलाच. विचारलं तर म्हणते, "काढायचा, लावायचा, धुवायचा, तोवर माझी कणीक मळून होते." येत्या मार्गशीर्षात तिची एकसष्टी आहे, तिला काय द्यावं तेही सुचत नाही. ही यंत्रं लोकांना भेट म्हणून खरंच आवडतात का, की देणाराच खूश होतो?

— एक मोठी ताई, नाशिक

उत्तर

ताई,

आधी सरळ उत्तर देतो. भावाला स्वयंपाकघरातली वस्तू जरूर द्या, पण दोघांना विचारून आणि त्यांच्या ओट्याचा फोटो मागवून. आईला एकसष्टीला यंत्र देऊ नका. आणि तिचा फूड प्रोसेसर माळ्यावर का गेला हे नीट समजून घ्या, म्हणजे पुढची खरेदी चुकणार नाही.

आईने आळस केला नाही, हिशेब केला. दोन माणसांच्या पोळ्यांना साधारण पाव किलो पीठ लागतं. सरावाचा हात असेल तर परातीत ते पाच-सात मिनिटांत मळून होतं आणि धुवायला एक परात पडते. प्रोसेसरला मोठं भांडं, पातं, झाकण आणि वरून ढकलायचा दट्ट्या असे चार भाग धुवावे लागतात. शिवाय तो माळ्यावर असेल तर स्टूल घेऊन जड खोकं खाली उतरवायचं. दहा माणसांच्या घरात हाच हिशेब उलटा पडतो. यंत्र वाईट नव्हतं, ते दोन माणसांच्या घरात गेलं.

दुसरं कारण पिठाचं प्रमाण. मोठ्या भांड्यात थोडं पीठ टाकलं की ते पात्याखाली आणि कडेला फासलं जातं, गोळा होतच नाही. किती पीठ कमीत कमी आणि किती जास्तीत जास्त, हे माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं, आणि ते पान सहसा कुणी वाचत नाही. आईला एकदा करून दाखवायचं असेल तर असं करा: ३०० ग्रॅम पीठ, मीठ आणि चमचाभर तेल आधी भांड्यात घाला. कणकेचं पातं लावा, झाकणाची जीभ खाचेत 'टक' होईपर्यंत फिरवा. ती पूर्ण बसली नाही तर मोटार चालूच होत नाही, आणि यंत्र बिघडलं असं वाटून ते बाजूला ठेवलं जातं. कमी वेगावर चालू करून साधारण १८० मिलिलिटर पाणी वरच्या नळीतून हळूहळू, अर्ध्या मिनिटात सोडा. गोळा पात्याभोवती फिरायला लागला की लगेच बंद करा. सगळं मिळून मिनिटभराचं काम आहे. त्यापुढे चालवलं तर कणीक गरम होते आणि पोळी चिवट होते. पाणी आधी घातलं तर पीठ तळाशी चिकटून बसतं. तेलाचा हात लावून वीस मिनिटं झाकून ठेवा. भांडं लगेच थंड पाण्यात भिजवा. गरम पाण्याने पिठाची खळ होते आणि ती खरवडावी लागते.

एवढं करूनही आईला परात बरी वाटली तर तिचंच बरोबर. फराळाच्या ऑर्डरी घेणारं किंवा एकत्र कुटुंबातलं कुणी ओळखीचं असेल तर तिच्या संमतीने त्यांना देऊन टाका. त्यात तुम्ही भावंडांनी वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

आता भेटीचा निकष. ज्या कामाचा त्या घरात खरोखर कंटाळा आहे, जे आठवड्यातून दोन-तीनदा तरी करावं लागतं आणि जे यंत्राने धुण्यापुसण्यासकट कमी वेळात होतं, त्याच कामाचं यंत्र आवडतं. यातली एक अट जरी सुटली तरी खोकं माळ्यावर जातं. आणि यंत्र आपल्या स्वयंपाकाला झेपणारं हवं. भारतात परदेशी मिक्सर आले ते शेक आणि पातळ मिश्रणांसाठी बनवलेले होते, आपल्या वाटणाने त्यांच्या मोटारी जळायच्या. म्हणून तर १९६३मध्ये सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने ओलं-कोरडं दोन्ही दळणारा 'सुमीत' मिक्सर काढला आणि तो घराघरांत पोहोचला.

एअर फ्रायरचं पाहू. पहिला प्रश्न चवीचा नाही, सॉकेटचा आहे. चार लिटरचे एअर फ्रायर साधारण १४०० ते १५०० वॅटचे असतात. घरातलं लहान सॉकेट ६ अँपिअरचं असतं, म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅट ही त्याची मर्यादा. म्हणून एअर फ्रायर, ओव्हन, इंडक्शन शेगडी यांना १६ अँपिअरचं, मोठ्या भोकांचं सॉकेट लागतं. नव्या फ्लॅटमध्ये ओट्याजवळ अशी सॉकेटं मोजकीच असतात, आणि त्यांतली फ्रिज, गिझर, मायक्रोवेव्ह यांनी आधीच अडवलेली असतात. मग मोठ्या पिनांचा प्लग लहान सॉकेटला लावायला वीसतीस रुपयांचा कन्व्हर्टर येतो, पंधरा मिनिटं भार राहिला की त्याचं प्लॅस्टिक तापून पिवळं पडतं आणि एक दिवस वितळतं. ओट्याचा फोटो मागवा म्हटलं ते यासाठी. फोटोत रिकामं मोठं सॉकेट दिसलं नाही तर एअर फ्रायरचा विषय तिथेच संपवा, किंवा इलेक्ट्रिशियनकडून आधी पॉइंट काढून घ्यायला सांगा.

फोटोत जागाही बघा. यंत्राला साधारण ३० बाय ३५ सेंटिमीटर जागा लागते, वर मागच्या बाजूने गरम हवा बाहेर पडते म्हणून भिंतीपासून वीतभर अंतर. वरच्या कपाटाच्या अगदी खाली चिकटून ठेवला तर लॅमिनेट सुटतं. जागा नाही म्हणून काही जण तो काचेच्या गॅसशेगडीवर ठेवतात. हे कधीही करू नये. खालचा बर्नर चुकून चालू राहिला तर यंत्र पेटतं.

मग खाण्याचं. एअर फ्रायर म्हणजे जोराच्या पंख्याचा छोटा ओव्हन. त्यात कोथिंबीर वडी आणि अळूवडी उत्तम होते: वाफवून, कापून, दोन्ही बाजूंनी तेलाचा ब्रश फिरवून १८० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं, मध्ये एकदा उलटायची. शेंगदाणे १६० अंशांवर दहा-बारा मिनिटांत सारखे भाजले जातात, दर चार मिनिटांनी टोपली हलवायची. भरताचं वांगं टोचून, तेल लावून २०० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटांत मऊ होतं, धुराचा वास तेवढा येत नाही. पण बटाटेवडा होत नाही. तळताना बेसनाचं आवरण गरम तेलात पडल्याबरोबर आवळून बसतं. इथे तेलच नाही, त्यामुळे ते बसायच्या आत जाळीतून खाली गळतं. भजी, पुरी आणि चकलीही यात करायला जाऊ नये. भाऊ-भावजय भजी-वड्यांच्या आशेवर असतील तर पहिल्याच पावसात निराश होतील. वड्या, मासे, पनीर, बटाट्याच्या फोडी असं खाणारं घर असेल तर मात्र हे यंत्र रोज ओट्यावर राहील. चार लिटरच्या टोपलीत आठ-दहा वड्या एका थरात बसतात, एकावर एक रचल्या तर मऊच राहतात. म्हणजे दोघांना पुरेसं, पाहुण्यांना अपुरं. टोपलीला तारेची घासणी लावायची नाही, हे देतानाच सांगा.

मिक्सर त्यांच्याकडे आहे का, हेही विचारा. नसेल, किंवा लग्नातला ५०० वॅटचा आता घरघरत असेल, तर आमचं मत स्वच्छ आहे: एअर फ्रायरऐवजी ७५० वॅटचा, तीन भांड्यांचा मिक्सर द्या. आपल्याकडे रोज लागणारं यंत्र तेच. दुकानात वॅट सगळे बघतात, पण चटणीचं भांडं बघा. दोघांच्या घरात सगळ्यात जास्त तेच वापरलं जातं. पात्याची टोकं तळाच्या जवळ असतील तर पाव वाटी दाण्यांचं कूट किंवा चार चमचे वाटण होतं. पाती उंच असतील तर जिन्नस खाली तसाच राहतो आणि झाकण काढून चमच्याने खालीवर करत बसावं लागतं. दुकानदाराला मूठभर दाणे घालून दाखवायला सांगा. कूट करताना बटण सलग न फिरवता थोडं थोडं झटका देत फिरवायचं, नाहीतर दाण्याला तेल सुटून लगदा होतो.

नव्या मिक्सरच्या बहुतेक तक्रारी घट्ट वाटणाने येतात. ओलं खोबरं, आलं, लसूण पाण्याशिवाय एकदम घातलं की पातं अडतं, मोटार तापते आणि आतलं संरक्षण तिला बंद पाडतं. मिक्सर जळला असं वाटतं, पण जळालेला नसतो. बटण बंद करायचं, भांडं काढायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि तळाशी असलेलं लाल बटण दाबायचं. वाटणाला आधी दोन चमचे पाणी, आणि भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरायचं नाही. हे पाठ असलं तर मिक्सर कितीतरी वर्षं चालतो.

मावशींच्या कुकरबद्दल. कुकर वाया जात नाही हे खरं, पण वास्तुशांतीला दोन-तीन येतात आणि बहुतेक पाच लिटरचे. दोघांना तीन लिटरचा लागतो. डाळ-तांदूळ फुगतात म्हणून कुकर निम्माच भरायचा असतो, तेव्हा तीन लिटरमध्ये पाण्यासकट दीड लिटर, दोघांच्या वरण-भाताला भरपूर. कुकर द्यायचाच असेल तर बाकी कोणी देत नाही ना, हे भावाकडून कळवून घ्या. त्यांच्याकडे इंडक्शन शेगडी असेल तर तळाला चुंबक चिकटतो का ते दुकानातच बघा, नुसत्या अॅल्युमिनियमचा तळ इंडक्शनवर तापत नाही. आणि आयएसआय चिन्ह पाहिल्याशिवाय कुकर घेऊ नका. ते सक्तीचं आहे, तरीही बिनचिन्हाचे स्वस्त कुकर विकले जातात.

विजेवरचा रोटी मेकर कोणी सुचवला तर नको म्हणा. त्यात फुलका होतो, आणि तोही कणीक नेहमीपेक्षा सैल, कोमट पाण्यात मळून अर्धा तास मुरवलेली असेल तर. झाकण दोन सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरलं तर फाटतो, कणीक घट्ट असेल तर पापड होतो. घडीची पोळी त्यात होणारच नाही, कारण तिचे पदर तेल-पीठ लावून घातलेल्या घडीतून आणि लाटण्यातून येतात. आपल्याकडच्या घरात हे यंत्र म्हणूनच टिकत नाही.

सहा हजारांत एकच मोठी वस्तू घ्यायला हवी असंही नाही. हँड ब्लेंडर ताकाला, पालकाला, आमटीतल्या टोमॅटोला रोज लागतो, वजनाला हलका आणि धुवायला एक दांडा. सलग मिनिटभरापेक्षा जास्त चालवायचा नाही, एवढंच पथ्य. त्याच्या जोडीला एक जाड लोखंडी तवा आणि डिजिटल वजनकाटा. नारळ रोज लागणारं कोकणी किंवा गोव्याकडचं घर असेल तर हाताने फिरवायची, ओट्याला चिकटणारी खवणी. तिचा रबरी तळ फक्त गुळगुळीत दगडावर धरतो, ग्रॅनाइटवर पाण्याचा हात फिरवून बसवली तर हलत नाही, खडबडीत कडप्प्यावर मात्र सुटते. ओढायच्या दोरीचा चॉपर स्वस्त आहे आणि कांद्याला खरंच उपयोगी आहे, पण तो समारंभात देण्यापेक्षा संक्रांतीच्या वाणाला शोभेल. सुरी किंवा विळी द्यायची असेल तर काही घरांत धारदार वस्तू भेट घेत नाहीत. अशा वेळी समोरच्याकडून एक रुपया घ्यायची पद्धत आहे, म्हणजे ती विकत दिली असं होतं. त्यांचा मान राखावा.

भाऊ अमेरिकेत असता तर इथून विजेची कुठलीच वस्तू पाठवू नका असं सांगितलं असतं. तिकडे वीज १२० व्होल्टची आहे, आपला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे नीट फिरतच नाही. तिकडच्या विजेवर चालणारे खास भारतीय मिक्सर मिळतात, ते तिकडेच विकत घ्यावेत.

काहीही घेतलंत तरी खोकं उघडून, एकदा चालवून, मग पुन्हा बांधा. उघडलेलं खोकं कसं द्यायचं असा संकोच अनेकांना होतो. पण ऑनलाइन घेतलेली वस्तू बदलून मिळायची मुदत बहुधा सात-दहा दिवसांची असते. तुम्ही महिनाभर आधी घेतलीत आणि भावाने वास्तुशांतीनंतर आठवड्याने उघडली, तर तडकलेलं झाकण त्याच्याच गळ्यात पडतं. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरली जाते, म्हणून बिल आणि दुकानाचा शिक्का असलेलं वॉरंटी कार्ड पाकिटात घालून भावाच्या हातात वेगळं द्या. किंमत कळेल म्हणून बिल लपवून ठेवलं तर दुरुस्तीच्या वेळी तुम्हाला नाशिकहून फोटो पाठवत बसावं लागेल. पुण्यात, त्यांच्या भागात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे ना, तेही घेण्याआधी बघा. आणि वस्तू देताना ती दोघांच्या हातात द्या, "आता तुला सोपं जाईल" असं भावजयीला म्हणून देऊ नका. ओटा दोघांचा आहे.

आता आई. वास्तुशांती घराची असते, तिथे घराची वस्तू शोभते. एकसष्टी तिची आहे. त्या दिवशी मिळालेलं यंत्र, कितीही महाग असलं तरी, ज्या ओट्यापाशी ती चाळीस वर्षं उभी आहे तिथेच तिला पुन्हा उभं करतं. ती स्वतः वर्षभर घरघंटी हवी म्हणत असेल तर गोष्ट वेगळी. भाकरी खाणाऱ्या घरात घरघंटी मोलाची आहे, कारण बाजरीचं पीठ थोड्या दिवसांत कडवट होतं आणि घरी लागेल तेवढंच दळता येतं. पण तिच्या तोंडून आलं नसेल तर साडी, प्रवास, चष्म्याची चांगली फ्रेम, तिच्या आवडीचं काहीही द्या, स्वयंपाकघर सोडून.

तिच्या ओट्यासाठी काही करायचंच असेल तर एकसष्टीच्या आधी एक दुपार नाशिकच्या घरी काढा आणि जे आहे ते दुरुस्त करून द्या. नव्या यंत्रापेक्षा याने तिचं काम जास्त हलकं होईल. कुकरच्या कडेने वाफ जात असेल, शिटी उशिरा होत असेल, तर रिंग कडक झाली आहे. झाकण बरोबर घेऊन दुकानात जा, कारण रिंग कंपनी आणि लिटरप्रमाणे बदलते, अंदाजाने आणलेली बसत नाही. त्याच वेळी सेफ्टी व्हॉल्व्हही नवा बसवून घ्या. कुकर कोरडा पडून तापला की त्यातला मिश्रधातू वितळून वाफेला वाट देतो, म्हणून तो मूळ कंपनीचाच हवा. मिक्सरची भांडी उलटी करून तळ बघा. काळपट, तेलकट पाणी दिसलं तर आतलं बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती कडी, झिजलं आहे. मिक्सर बंद ठेवून भांड्यातलं पातं बोटांनी जपून हलवा, ते डगमगत असेल तर पात्याचा संच बदलायला झालाय. खालच्या कपलरचे, म्हणजे मोटारीला भांड्याशी जोडणाऱ्या चकतीचे, दाते गोल झाले असतील तर भांडं फिरताना खडखडतं. तो आट्यांवर बसवलेला असतो आणि बहुतेक मिक्सरमध्ये उलट्या दिशेने सुटतो, जोर लावून नेहमीच्या दिशेला फिरवला तर आणखी आवळतो. भांडं दुरुस्त होण्यापलीकडे गेलं असेल तर त्याच मॉडेलचं सुटं भांडं मागा. दुसऱ्या मॉडेलचं वरवर बसतं, पण दाते पुरते जुळत नाहीत आणि नवं भांडं व जुना कपलर दोन्ही झिजतात.